स्वतंत्र जावा क्लायंट ॲप्लिकेशन सर्व्हरला जोडणं: टप्पे, नावं आणि नेमकं कुठे अडतं

सर्व्हरच्या आत चालणाऱ्या कोडला दुसरा बीन (म्हणजे ईजेबी, सर्व्हरवर चालणारा कामाचा जावा क्लास) हवा असेल तर एक ॲनोटेशन पुरतं, बाकीचं कंटेनर (सर्व्हरमधला बीन सांभाळणारा भाग) बघतो. तोच बीन बाहेरच्या प्रोग्रामला हवा असतो तेव्हा मात्र कंटेनर मदतीला नसतो. स्विंगमधलं डेस्कटॉप ॲप्लिकेशन, रात्री क्रॉनमधून सुटणारं बॅच, मेन मेथड असलेलं कमांड लाइनचं छोटं साधन या सगळ्यांना सर्व्हर कुठे आहे, बीनचं नाव काय, आपण कोण आणि येणारी माहिती कोणत्या क्लासांत बसवायची हे स्वतःच सांगावं लागतं. त्यासाठीचा जावा कोड जेमतेम दहा ओळींचा असतो. वेळ खातात त्या कोडबाहेरच्या गोष्टी: चुकीची जार (क्लास बांधलेली फाइल), चुकलेलं नाव, भलत्या पत्त्यावर ऐकणारा सर्व्हर.

एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मा त्रास वाचतो. हाक क्लायंटकडून निघते ती ठरलेल्या क्रमाने पुढे जाते: नेटवर्क, प्रोटोकॉलची बोलणी, ओळख, नाव, अधिकार आणि शेवटी डेटाची ने-आण. आलेली एरर हाक कुठवर पोहोचली होती ते सांगते. पासवर्ड चुकल्याची एरर आली म्हणजे नेटवर्क ठीक आहे, फायरवॉलमध्ये शोधण्यासारखं काही उरलेलं नाही.

खालचं मुख्य उदाहरण वाइल्डफ्लाय या ॲप्लिकेशन सर्व्हरचं (पूर्वीचं नाव जेबॉस) आहे, इतर सर्व्हरांतले फरक नंतर दिले आहेत. प्रॉपर्टी, क्लास आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून लिहायची.

आधी ठरवा: रिमोट ईजेबी हवंच का?

क्लायंट जावामधला नसेल, सार्वजनिक इंटरनेटवरून येणार असेल किंवा दोन्ही बाजूंच्या नव्या आवृत्त्या एकाच वेळी बसवणं शक्य नसेल, तर रेस्ट (साध्या एचटीटीपी विनंत्यांची पद्धत) वापरा. रिमोट ईजेबीत दोन्ही बाजू एकाच इंटरफेसला आणि त्याच क्लासांना बांधलेल्या असतात. ते बंधन चालणार असेल तर मोबदल्यात बरंच मिळतं. टाइपसुरक्षित मेथड मिळतात, एक्सेप्शन जसंच्या तसं परत येतं आणि वापरकर्त्याची ओळख आपोआप बीनपर्यंत पोहोचते. एकाच टीमच्या ताब्यातल्या अंतर्गत साधनांसाठी हा व्यवहार बहुधा फायद्याचा ठरतो.

पहिला टप्पा: इंटरफेसची वेगळी जार

प्रकल्पाचे तीन भाग करा: एपीआय, सर्व्हर आणि क्लायंट. एपीआयच्या जारमध्ये फक्त तीन गोष्टी ठेवायच्या: रिमोट इंटरफेस, देवाणघेवाणीचे साधे डीटीओ (फक्त माहिती वाहून नेणारे) क्लास आणि मेथडी फेकतात ती एक्सेप्शन. एन्टिटी (डेटाबेसच्या तक्त्यांशी जोडलेले) क्लास त्यात आणू नका. आणले तर काय होतं ते पुढे येईलच.

रिमोट ॲनोटेशन इंटरफेसवर लावण्याऐवजी बीनच्या क्लासवर लावणं जास्त सोयीचं. तिथे कंसात इंटरफेसचं नाव द्यायचं. मग एपीआयची जार ईजेबीच्या कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून राहत नाही. हे ॲनोटेशन विसरलं तर कंपायलर तक्रार करत नाही, डिप्लॉयमेंटही यशस्वी होते. पण बीनने एकच साधा इंटरफेस राबवला असेल तर नियमानुसार तो लोकल धरला जातो आणि बाहेरून दिसतच नाही.

डीटीओंनी सीरियलायझेबल (ऑब्जेक्ट बाइटांत बदलून पाठवता येतो अशी खूण) राबवायला हवं आणि प्रत्येकात सीरियलव्हर्जनयूआयडी स्वतः लिहायला हवा. तो लिहिला नाही तर जावा क्लासच्या रचनेवरून आकडा काढतं. मग एका बाजूला एखादी पब्लिक मेथड वाढली की आकडा बदलतो आणि इन्व्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतं. आकडा हाताने लिहिलेला असेल तर नवीन फील्ड वाढवूनही जुना क्लायंट चालत राहतो, त्या फील्डची किंमत त्याला फक्त दिसत नाही.

दुसरा टप्पा: सर्व्हर बाहेरच्यांसाठी तयार करणं

वाइल्डफ्लाय मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो. दुसऱ्या मशीनवरून यायचं असेल तर सर्व्हर सुरू करताना डॅश-बी पर्यायाला त्या मशीनचा पत्ता द्या. ०.०.०.० दिलं तर सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकेल. ते चाचणीपुरतं ठीक, कायमस्वरूपी नेमका पत्ताच द्यावा. व्यवस्थापनाचं पोर्ट ९९९० वेगळं आहे. क्लायंटला ते लागत नाही, त्यामुळे ते बाहेर उघडायचं कारण नाही.

पोर्टाबाबत जुने लेख वाचून बरेच जण फसतात. जेबॉस ५ च्या काळात नावांची सेवा १०९९ वर होती. जेबॉस ७ मध्ये रिमोटिंग (जेबॉसचा दूरच्या हाकांचा प्रोटोकॉल) ४४४७ वर आलं. २०१४ मध्ये आलेल्या वाइल्डफ्लाय ८ पासून वेगळं पोर्ट उरलंच नाही. क्लायंट नेहमीच्या ८०८० वर एचटीटीपी जोडणी करतो आणि अपग्रेड हेडर पाठवून तिचं रिमोटिंगमध्ये रूपांतर करून घेतो. नव्या सर्व्हरवर ४४४७ शोधत बसलात तर कनेक्शन रिफ्यूज्डशिवाय काही हाती लागणार नाही. एकाच मशीनवर दोन सर्व्हर चालवण्यासाठी पोर्ट-ऑफसेट १०० दिलं असेल तर ८०८० चं ८१८० होतं, हेही ध्यानात ठेवा.

आता वापरकर्ता. बिन फोल्डरमधली ॲड-यूजर स्क्रिप्ट डॅश-ए पर्यायासह चालवा. या पर्यायाने ॲप्लिकेशन वापरकर्ता बनतो. तो न देता बनवलेला वापरकर्ता व्यवस्थापनाचा असतो आणि ईजेबीसाठी निरुपयोगी ठरतो. डॅश-यू ने नाव, डॅश-पी ने पासवर्ड, डॅश-जी ने भूमिका देता येतात. नोंदी स्टँडअलोन फोल्डरातल्या कॉन्फिगरेशनमध्ये, ॲप्लिकेशन-यूजर्स आणि ॲप्लिकेशन-रोल्स या प्रॉपर्टीज फाइलींत जातात. पासवर्डच्या जागी वापरकर्ता, रेल्म (वापरकर्त्यांच्या संचाचं नाव) आणि पासवर्ड एकत्र करून काढलेला एमडी५ हॅश असतो. म्हणूनच रेल्मचं नाव बदललं की जुने सगळे पासवर्ड एका झटक्यात बाद होतात. फाइल मात्र जशीच्या तशी दिसते.

ओळखीचा सापळा

हा मुद्दा वेगळा काढला आहे, कारण याच्याइतकं फसवं दुसरं काही नाही. क्लायंट आणि सर्व्हर एकाच मशीनवर असतील तर वाइल्डफ्लाय पासवर्ड न मागताही आत घेतो. सर्व्हर आपल्या टेम्प फोल्डरात एक छोटी फाइल लिहितो आणि क्लायंटने ती वाचून दाखवली की तो याच मशीनवरचा आहे असं मानतो. या पद्धतीचं नाव जेबॉस-लोकल-यूजर. परिणाम असा की डेव्हलपरच्या मशीनवर नाव-पासवर्ड चुकीचा असला किंवा दिलाच नसला तरी सगळं चालतं आणि दुसऱ्या मशीनवर गेल्याबरोबर ऑथेंटिकेशन फेल्ड येतं.

याची दुसरी बाजूही आहे. क्लायंट त्याच मशीनवर, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालत असेल तर ती फाइल वाचायची परवानगी त्याला नसते. मग 'फेल्ड टू रीड सर्व्हर चॅलेंज' असा संदेश दिसतो. त्यामुळे पहिली खरी चाचणी दुसऱ्या मशीनवरूनच घ्या. तसं मशीन हाताशी नसेल तर क्लायंटच्या बाजूने ही पद्धत बंद करून घ्या.

तिसरा टप्पा: क्लायंटच्या क्लासपाथवर काय असावं

सगळ्यात सोपा मार्ग: सर्व्हरच्या बिन फोल्डरातल्या क्लायंट फोल्डरमधली जेबॉस-क्लायंट जार. क्लायंटला लागणारं सगळं तिच्यात एकत्र बांधलेलं असतं. मेव्हन वापरत असाल तर वाइल्डफ्लायचा ईजेबी क्लायंटसाठीचा बॉम (जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) घ्या आणि त्याची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळवा. सोबत आपली एपीआय जार. एवढंच पुरे. सर्व्हरच्या मॉड्यूल्स फोल्डरातल्या जारा उचलून आणू नका, कारण एकाच क्लासच्या दोन आवृत्त्या क्लासपाथवर आल्या की निघणाऱ्या एररांना ताळतंत्र राहत नाही.

सगळं एका मोठ्या जारमध्ये बांधायची सवय असेल तर एक पथ्य पाळा. या लायब्ररी आपले प्रोटोकॉल मेटा-इन्फ फोल्डरातल्या सर्व्हिसेस फाइलींमधून शोधतात. मेव्हनचं शेड प्लगइन एकाच नावाच्या अशा फाइली आपणहून एकत्र करत नाही, त्यातली एकच उरते. त्याला सर्व्हिसेस-रिसोर्स-ट्रान्सफॉर्मर लावा. आयडीईमध्ये चालतं पण जार बनवल्यावर चालत नाही, असं झालं तर पहिला संशय इथेच घ्यावा.

आवृत्त्यांचा आणखी एक खड्डा नामांतराचा आहे. २०२० साली आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये जावाएक्स.ईजेबी हे पॅकेज जकार्ता.ईजेबी झालं. वाइल्डफ्लायने २७ व्या आवृत्तीपासून मुख्य वितरणातच ही नवी नावं घेतली. क्लायंट जुन्या पॅकेजचा आणि सर्व्हर नव्याचा असेल तर पहिलं ईजेबी एक्सेप्शन परत येताच क्लास सापडत नसल्याची तक्रार येते. मात्र जावाएक्स.नेमिंग तसंच राहिलं आहे. तो जावा एसईचा भाग आहे, जकार्ताचा नाही. सरसकट शोधा-बदला चालवणारे इथे हटकून त्याचंही नाव बदलून टाकतात आणि मग कंपायलरशी भांडत बसतात.

चौथा टप्पा: जोडणीचा कोड

इनिशियलकॉन्टेक्स्टला (नावावरून बीन शोधून देणाऱ्या जावा क्लासला) चार गोष्टी सांगायच्या असतात. प्रॉपर्टींची नावं मजकूर म्हणून लिहिण्यापेक्षा कॉन्टेक्स्ट क्लासमधली स्थिर नावं वापरा, म्हणजे लिहिण्यातली चूक कंपायलर पकडेल.

• इनिशियल_कॉन्टेक्स्ट_फॅक्टरी: ऑर्ग.वाइल्डफ्लाय.नेमिंग.क्लायंट या पॅकेजमधला वाइल्डफ्लायइनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी क्लास
• प्रोव्हायडर_यूआरएल: रिमोट+एचटीटीपी://सर्व्हरचा-पत्ता:८०८०
• सिक्युरिटी_प्रिन्सिपल: वापरकर्त्याचं नाव
• सिक्युरिटी_क्रेडेन्शियल्स: पासवर्ड

हे वाइल्डफ्लाय ११ पासून पुढचं झालं. ८ ते १० या आवृत्त्यांत यूआरएल एचटीटीपी-रिमोटिंगने सुरू होतो आणि फॅक्टरीही वेगळी, ऑर्ग.जेबॉस.नेमिंग.रिमोट.क्लायंट पॅकेजमधली असते. फॅक्टरी एका काळातली आणि यूआरएल दुसऱ्या काळातला, असं मिश्रण करू नका.

चारही गोष्टी भरल्या की नवा इनिशियलकॉन्टेक्स्ट बनवायचा, लुकअप करायचा (नावाने बीन मागायचा), आलेला ऑब्जेक्ट इंटरफेसच्या टाइपमध्ये कास्ट करायचा आणि मेथड हाकायची.

पासवर्ड कोडमध्ये ठेवायचा नसेल तर क्लासपाथवरच्या मेटा-इन्फ फोल्डरात वाइल्डफ्लाय-कॉन्फिग ही एक्सएमएल फाइल ठेवता येते. तिच्यात ऑथेंटिकेशन-क्लायंटखाली कोणत्या पत्त्यासाठी कोणती ओळख वापरायची याचे नियम लिहिता येतात. एकाच क्लायंटने दोन सर्व्हरांशी वेगवेगळ्या नावांनी बोलायचं असेल तर हाच मार्ग सरळ पडतो.

पाचवा टप्पा: नाव

ईजेबी-स्कीमचं नाव असं बनतं:

ईजेबी:ॲप/मॉड्यूल/डिस्टिंक्ट/बीन!इंटरफेसचं-पूर्ण-नाव

ॲप म्हणजे इअर फाइलचं (अनेक जारा आणि वॉर एकत्र बांधलेल्या फाइलचं) नाव, शेवटचं डॉट-इअर वगळून. मॉड्यूल म्हणजे आतल्या जारचं किंवा वॉरचं (वेब ॲप्लिकेशनच्या फाइलचं) नाव, तेही विस्तार वगळून. डिस्टिंक्ट नाव बहुतेक ठिकाणी रिकामं असतं. रिकामं असलं तरी त्याची तिरकी रेघ मात्र लिहावीच लागते. म्हणजे ऑर्डर्स नावाच्या इअरमधल्या ऑर्डर्स-ईजेबी जारमधला बीन असा दिसेल:

ईजेबी:ऑर्डर्स/ऑर्डर्स-ईजेबी//ऑर्डरबीन!डेमो.एपीआय.ऑर्डरसर्व्हिस

इअर नसेल, थेट वॉर डिप्लॉय केली असेल, तर ॲपची जागाही रिकामी राहते आणि नाव कोलननंतर लगेच तिरक्या रेघेने सुरू होतं:

ईजेबी:/ऑर्डर्स-वेब//ऑर्डरबीन!डेमो.एपीआय.ऑर्डरसर्व्हिस

स्टेटफुल (एका क्लायंटचं संभाषण लक्षात ठेवणारा) बीन असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह लावून स्टेटफुल हा शब्द जोडायचा.

हाताने टाइप करणारा माणूस यातली एखादी रेघ विसरतोच. डिप्लॉयमेंट झाल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक बीनची सगळी नावं छापलेली असतात, तिथूनच उचला. त्या यादीत जावा:ग्लोबल, जावा:ॲप आणि जावा:मॉड्यूल ही नावं सर्व्हरच्या आतल्यांसाठी असतात. बाहेरच्या क्लायंटला दिसतं ते जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड या शाखेखालचं. ते नाव वापरायचं झालं तर एक्सपोर्टेडपर्यंतचा भाग गाळून उरलेलाच लुकअपला द्यायचा. यादीत एक्सपोर्टेडची ओळच नसेल तर बीन रिमोट नाही. पहिल्या टप्प्यातलं ॲनोटेशन तपासा.

मेव्हनमुळे होणारी एक गंमत: फाइलच्या नावात आवृत्ती असली की ती मॉड्यूलच्या नावातही येते. आज १.० आहे तोवर क्लायंट चालतो, १.१ बसवली की नाव सापडत नाही. बिल्डमध्ये फायनल-नेम ठरवून टाका किंवा ईजेबी-जार एक्सएमएलमध्ये मॉड्यूल-नेम लिहा.

आता दोन प्रकारच्या नावांतला खरा फरक. एक्सपोर्टेड नावाने लुकअप केला की क्लायंट सर्व्हरला विचारतो, आणि नाव चुकलं असेल तर तिथल्या तिथे नेमनॉटफाउंडएक्सेप्शन येतं. ईजेबी-स्कीमच्या नावाने स्टेटलेस (काहीच लक्षात न ठेवणारा) बीन मागितला तर क्लायंट सर्व्हरकडे जातच नाही. दिलेल्या नावावरून स्थानिक प्रॉक्सी (बीनच्या वतीने हाक पुढे नेणारा ऑब्जेक्ट) बनवून हातात देतो. त्यामुळे नाव साफ चुकलेलं असलं, इतकंच काय सर्व्हर बंद असला, तरी लुकअप यशस्वी होतो आणि फुटतं ते पहिल्या मेथडच्या हाकेवर. लुकअप झाला म्हणजे जोडणी झाली, हा समज म्हणून सोडून द्यावा. एखादी काहीच न करणारी पिंग मेथड इंटरफेसमध्ये ठेवा आणि क्लायंट सुरू होताना तीच हाका.

एरर वाचायची कशी

कनेक्शन रिफ्यूज्ड: त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हर १२७.०.०.१ वरच बांधलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. याउलट टाइमआउट झाला तर वाटेत कोणीतरी पॅकेट गिळत आहे, म्हणजे बहुधा फायरवॉल. क्लायंटच्या मशीनवरून कर्लने ८०८० वर साधी विनंती पाठवून हा टप्पा एका मिनिटात तपासता येतो.

नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन: नेटवर्कपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. फॅक्टरीची प्रॉपर्टी पोहोचली नाही किंवा तो क्लास क्लासपाथवर नाही.

ऑथेंटिकेशन फेल्ड: संदेशात कोणकोणत्या पद्धती वापरून पाहिल्या त्याची यादी असते. तिच्यात डायजेस्ट-एमडी५ पुढे सर्व्हरने नाकारल्याचं लिहिलं असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकला आहे, किंवा वापरकर्ता व्यवस्थापनाच्या रेल्ममध्ये बनला आहे.

ईजेबीक्लायंट००००७९ किंवा जुन्या क्लायंटमध्ये ईजेबीक्लायंट००००२५: हा बीन पुरवणारा सर्व्हर सापडला नाही. बहुतेक वेळा नावातला ॲप किंवा मॉड्यूल चुकलेला असतो. कधीकधी मात्र खरं कारण ओळख न पटणं हे असतं. जोडणीच न झाल्यामुळे पुरवठादार सापडत नाही आणि मूळ कारण सप्रेस्ड एक्सेप्शनमध्ये दडलेलं राहतं. म्हणून पहिल्या ओळीवर थांबू नका, स्टॅकट्रेस शेवटपर्यंत वाचा.

ईजेबीॲक्सेसएक्सेप्शन: इथवर आलात म्हणजे जोडणी, ओळख, नाव सगळं बरोबर आहे. त्या वापरकर्त्याकडे मेथडला लागणारी भूमिका तेवढी नाही.

नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन आणि क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन: हाक पोहोचली, पण माल ने-आण करताना फुटला. यावर थोडं थांबू, कारण प्रकल्प वाढत जातो तसतशा याच एररा पुनःपुन्हा भेटतात.

डेटाची ने-आण

रिमोट हाकेत सगळे ऑब्जेक्ट प्रत काढून जातात. क्लायंटने दिलेल्या लिस्टमध्ये सर्व्हरने भर घातली तर ती क्लायंटला दिसत नाही. परत हवं ते परतीच्या किमतीतूनच आलं पाहिजे.

साध्या दिसणाऱ्या काही गोष्टी सीरियलायझेबल नसतात. अ‍ॅरेलिस्टमधून सबलिस्टने काढलेला तुकडा, हॅशमॅपचा की-सेट, ऑप्शनल यांपैकी कोणतीही गोष्ट परत केलीत तर हाक फुटते. नव्या अ‍ॅरेलिस्टमध्ये किंवा हॅशसेटमध्ये ओतून मगच परत करा.

एन्टिटी थेट परत केली तर हायबरनेटने (डेटाबेस हाताळणाऱ्या लायब्ररीने) तिच्या लिस्टच्या जागी आपला पर्सिस्टंटबॅग बसवलेला असतो. क्लायंटकडे हायबरनेटची जार नसते, म्हणून क्लास सापडत नाही. मग कोणीतरी हायबरनेट क्लायंटमध्ये घालतो, एरर बदलते आणि लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन येतं, कारण मागे डेटाबेसचं सेशन उरलेलं नसतं. या वाटेने जितकं पुढे जाल तितकं अडकाल. सर्व्हरवर, ट्रान्झॅक्शन चालू असतानाच, डीटीओ भरून तोच पाठवा.

एक्सेप्शनचंही तसंच. सर्व्हरवरच्या डेटाबेस ड्रायव्हरचं एक्सेप्शन कारण म्हणून आत गुंडाळून पाठवलं की क्लायंटला तो क्लासही लागतो. सीमेवर आपलं स्वतःचं एक्सेप्शन फेका. संदेश त्यात घ्या, मूळ कारण मात्र सर्व्हरच्या लॉगमध्येच ठेवा.

मेथडी जाड ठेवा. शंभर ओळींची ऑर्डर भरण्यासाठी शंभर हाका मारल्या तर नेटवर्कची प्रत्येक फेरी मोजावी लागते. पूर्ण ऑर्डर एकाच हाकेत पाठवा.

वेळमर्यादा आणि पुन्हा प्रयत्न

कॉन्टेक्स्ट एकदाच बनवा, स्टेटलेस बीनचा प्रॉक्सी जपून ठेवा आणि प्रोग्राम संपताना कॉन्टेक्स्ट बंद करा. प्रत्येक हाकेसाठी नवा कॉन्टेक्स्ट बनवणं ही हळू क्लायंटमागची नेहमीची चूक. स्टेटलेस प्रॉक्सी अनेक थ्रेडांनी एकत्र वापरला तरी चालतो. स्टेटफुलचा प्रॉक्सी एका संभाषणाचा असतो, तो वाटून घेऊ नये, आणि काम संपल्यावर त्याची रिमूव्ह ॲनोटेशन असलेली मेथड हाकावी.

उत्तरासाठी किती थांबायचं ते स्पष्ट लिहा. वाइल्डफ्लाय-कॉन्फिगमध्ये जेबॉस-ईजेबी-क्लायंटखाली इन्व्होकेशन-टाइमआउट सेकंदांत देता येतो. पण क्लायंटने वाट बघणं सोडलं म्हणजे सर्व्हरवरचं काम थांबलं असं नाही. ट्रान्झॅक्शन तिकडे पूर्ण झालेलं असू शकतं. म्हणून टाइमआउटनंतर तीच हाक पुन्हा मारायची असेल तर विनंतीला क्लायंटनेच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि तो आधी येऊन गेला आहे का हे सर्व्हरने तपासावं.

एन्क्रिप्शन

पोर्ट ८४४३ आणि यूआरएल रिमोट+एचटीटीपीएस. वाइल्डफ्लायचं सुरुवातीचं सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं, लोकलहोस्टच्या नावाचं असतं, ते क्लायंटने नाकारणं योग्यच आहे. सर्व्हरच्या खऱ्या नावाचं सर्टिफिकेट बसवा आणि ते देणाऱ्या अधिकाराचं सर्टिफिकेट क्लायंटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये घाला. तपासणी बंद करून टाकणारे कोडचे तुकडे जागोजागी सापडतात. ते वापरलेत तर पासवर्ड कोणाच्या हाती देतो आहोत हेच कळणार नाही.

इतर सर्व्हर

ग्लासफिश आणि पयारा कोर्बाच्या (दूरच्या हाकांच्या जुन्या प्रमाणाच्या) आयआयओपी प्रोटोकॉलवर चालतात, पोर्ट ३७००. क्लायंटला ग्लासफिशच्या लिब फोल्डरातली जीएफ-क्लायंट जार लागते. ती तिथून उचलून दुसरीकडे नेऊ नका. तिच्या मॅनिफेस्टमध्ये शेजारच्या मॉड्यूल्सचे सापेक्ष मार्ग असतात आणि एकटी जार जवळजवळ रिकामीच आहे. फॅक्टरी वेगळी सांगावी लागत नाही, ऑर्ग.ओएमजी.कोर्बा.ओआरबीइनिशियलहोस्ट आणि ओआरबीइनिशियलपोर्ट या दोन प्रॉपर्टी पुरतात. नाव जावा:ग्लोबलचं चालतं. ही नावं २००९ च्या ईजेबी ३.१ पासून प्रमाणित आहेत.

आयआयओपीचा एक जुना रोग: सर्व्हर क्लायंटला ऑब्जेक्टचा संदर्भ देतो त्यात स्वतःचा पत्ता लिहितो. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला जोडलेलं असेल तर क्लायंट पहिल्या जोडणीनंतर स्वतःवरच हाक मारू लागतो आणि अडकून बसतो. उपाय सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये आहे, क्लायंटमध्ये शोधून सापडणार नाही. शिवाय २०१८ च्या जावा ११ मधून कोर्बा काढून टाकलेला आहे, त्यामुळे जुना क्लायंट नव्या जावावर नेताना ओआरबी (कोर्बाच्या हाका पोहोचवणारा भाग) सर्व्हरच्या लायब्ररींतूनच घ्यावा लागतो.

वेबलॉजिकचा प्रोटोकॉल टी३, पोर्ट ७००१, सुरक्षित टी३एस साठी ७००२. फॅक्टरी वेबलॉजिक.जेएनडीआय.डब्ल्यूएलइनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी. क्लायंटसाठी हलकी डब्ल्यूएलथिनटी३क्लायंट जार पुरते. क्लस्टर असेल तर यूआरएलमध्ये स्वल्पविराम देऊन एकाहून जास्त पत्ते लिहिता येतात. टी३ कधीही सार्वजनिक नेटवर्कवर उघडू नये. २०१५ पासून या प्रोटोकॉलच्या डीसीरियलायझेशनमधल्या गंभीर त्रुटी वारंवार उघड होत आल्या आहेत. कनेक्शन फिल्टरने ठरावीक पत्त्यांनाच परवानगी द्या.

पारंपरिक वेबस्फिअरला कोर्बालॉक:आयआयओपी:सर्व्हर:२८०९ असा पत्ता द्यायचा. फॅक्टरी डब्ल्यूएसएनइनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी, जार ईजेबी थिन क्लायंटची. टॉमईई यांत सर्वांत सुटसुटीत: ओपनईजेबी-क्लायंट जार, रिमोटइनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी आणि एचटीटीपी://सर्व्हर:८०८०/टॉमईई/ईजेबी.

कंटेनर, क्लस्टर आणि मधले प्रॉक्सी

पहिली हाक चालते आणि नंतरच्या अडतात, अशी तक्रार डॉकर किंवा क्लस्टर आल्यावर हमखास येते. वाइल्डफ्लाय क्लस्टरमध्ये असेल तर पहिल्या जोडणीनंतर तो क्लायंटला सगळ्या नोडांचे पत्ते कळवतो. ते पत्ते कंटेनरच्या आतल्या नेटवर्कचे असतात आणि बाहेरून पोहोचण्याजोगे नसतात. सर्व्हरच्या सॉकेट-बाइंडिंगमध्ये क्लायंट-मॅपिंग लिहून बाहेरचा पत्ता आणि पोर्ट जाहीर करायला सांगा.

मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी असेल तर त्याने अपग्रेड हेडर पुढे जाऊ दिलं पाहिजे. ते जमत नसेल तर ईजेबी शुद्ध एचटीटीपीवरून न्या. यूआरएल एचटीटीपी://सर्व्हर:८०८०/वाइल्डफ्लाय-सर्व्हिसेस असा होतो, फॅक्टरी तीच राहते आणि प्रत्येक हाक स्वतंत्र विनंती म्हणून जाते. नेहमीचा लोड बॅलन्सर ती निमूट वाटून देतो.

जेएमएसवरून बोलायचं असेल तर

जेएमएस म्हणजे रांगेतून संदेश पाठवण्याची जावाची पद्धत. पायाभूत पायऱ्या त्याच. सर्व्हर स्टँडअलोन-फुल कॉन्फिगरेशनने सुरू करायचा, कारण साध्यात मेसेजिंग नसतं. क्लायंटने जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी हे नाव शोधायचं आणि रांगेचंही एक्सपोर्टेडखाली नाव असायला हवं. वापरकर्त्याला मूळ कॉन्फिगरेशनमध्ये गेस्ट ही भूमिका लागते. नाव-पासवर्ड कॉन्टेक्स्टला दिला तरी पुरत नाही, कनेक्शन बनवताना तो पुन्हा द्यावा लागतो. सर्व्हर ०.०.०.० वर बांधलेला असेल तर क्लायंटला मिळणाऱ्या फॅक्टरीत सर्व्हरचं होस्टनेम येतं, आणि क्लायंटच्या मशीनला ते नाव ओळखता आलं नाही तर लुकअप होऊनही कनेक्शन होत नाही. अशा वेळी सर्व्हर नेमक्या पत्त्यावर बांधा किंवा ते होस्टनेम क्लायंटच्या डीएनएसमध्ये नोंदवा.